दोन संकेतस्थळे, एक ग्राहक : कुकीची देवाणघेवाण कोठवर शक्य आहे?

एका मालकाची बाजारात दोन दुकाने असली म्हणजे जुने गिऱ्हाईक दोन्ही ठिकाणी ओळखीचे असते. इंटरनेटवरील दुकानांत मात्र हे आपोआप घडत नाही. समजा, एका व्यापाऱ्याने तयार कपड्यांसाठी एका नावाचे संकेतस्थळ काढले आणि पुढे पादत्राणांसाठी दुसऱ्या नावाचे काढले. ग्राहक पहिल्या ठिकाणी लॉगिन करतो, टोपलीत दोन वस्तू टाकतो आणि दुसऱ्या संकेतस्थळावर जातो. तेथे त्याला पुन्हा मोबाइल नंबर विचारला जातो, पुन्हा ओटीपी येतो आणि टोपलीही रिकामी दिसते. असा ग्राहक बहुधा कंटाळतो व खरेदी अर्धवट टाकून निघून जातो. मग मालक संकेतस्थळ बनविणाऱ्याला सांगतो, "दोन्हीकडची कुकी एक करून टाका."

हे काम वाटते तितके सरळ नाही. काही ठिकाणी ते एका ओळीत होते, काही ठिकाणी ते मुळीच होत नाही आणि काही ठिकाणी ते केल्यास ग्राहकाचे खाते परक्याच्या हाती जाऊ शकते. कोणते काम कोणत्या प्रकारात मोडते हे मालकाला समजले पाहिजे, कारण नुकसान झाले तर जबाब त्यालाच द्यावा लागतो. म्हणून या लेखात आम्ही हा विषय मुळापासून, परंतु व्यापाऱ्याला समजेल अशा भाषेत मांडत आहोत.

कुकी म्हणजे काय?

ब्राउझर व सर्व्हर ज्या पद्धतीने एकमेकांशी बोलतात तिला एचटीटीपी म्हणतात. या पद्धतीचा एक मूळ स्वभाव आहे. ती मागचे काही लक्षात ठेवीत नाही. ग्राहकाने एक पान मागितले, सर्व्हरने दिले, व्यवहार संपला. पुढच्या क्षणी त्याच ग्राहकाने दुसरे पान मागितले तरी सर्व्हरच्या दृष्टीने तो नवखाच असतो. लेख वाचण्यापुरते हे ठीक होते, पण खरेदीसाठी अडचणीचे होते.

१९९४ साली अमेरिकेतील नेटस्केप कंपनीत काम करणाऱ्या लू मोंटुली या तरुण अभियंत्याने यावर तोड काढली. एमसीआय या दूरसंचार कंपनीसाठी इंटरनेटवरील दुकान तयार करावयाचे होते आणि अर्धवट राहिलेल्या खरेदीची नोंद आपल्या सर्व्हरवर ठेवण्याची त्या कंपनीची इच्छा नव्हती. तेव्हा सर्व्हरने एक छोटी चिठ्ठी ब्राउझरला द्यावी, ब्राउझरने ती जपून ठेवावी आणि पुढच्या प्रत्येक भेटीत न सांगता दाखवावी, अशी योजना झाली. हीच कुकी होय. म्हणजे ज्या अडचणीतून कुकी जन्मली ती मुळात दुकानदाराचीच अडचण होती.

लाँड्रीची पावती डोळ्यांपुढे आणली म्हणजे कुकी समजते. पावतीवर फक्त क्रमांक असतो, कपडे दुकानात असतात आणि हिशेब दुकानदाराच्या वहीत असतो. चांगल्या कुकीतही एवढेच असावे. एक लांब, कोणालाही अंदाजाने सांगता येणार नाही असा क्रमांक. नाव, पत्ता, किंमत, सवलत असली माहिती कुकीत लिहू नये, कारण कुकी ग्राहकाच्या यंत्रावर असते आणि ती वाचता येते, बदलताही येते. शिवाय तिच्यात जागाही थोडी असते. एका कुकीचा आकार सुमारे ४,०९६ बाइटपर्यंतच धरला जातो.

एक गोष्ट येथेच ध्यानात घ्यावी. पावती ज्याच्या हाती, कपडे त्याला मिळतात. तद्वतच लॉगिनची कुकी ज्याच्या हाती गेली तो पासवर्ड न देता त्या खात्यात शिरतो.

मुख्य नियम : ज्याची कुकी त्यालाच

कुकीचा पहिला नियम असा की, ज्या डोमेनने ती दिली त्याच डोमेनला ब्राउझर ती परत दाखवितो. उदाहरणासाठी आम्ही एक्झाम्पल डॉट कॉम आणि एक्झाम्पल डॉट नेट ही नावे घेतो. १९९९ सालापासून ही नावे केवळ उदाहरणे देण्यासाठीच राखून ठेवलेली आहेत. एक्झाम्पल डॉट कॉमने दिलेली कुकी एक्झाम्पल डॉट नेटला कधीही दाखविली जात नाही. तसेच एक्झाम्पल डॉट कॉमच्या सर्व्हरने "ही कुकी एक्झाम्पल डॉट नेटच्या नावाने ठेव" असे सांगितले तर ब्राउझर ती सरळ नाकारतो.

दोन्ही नावे एकाच मालकाची आहेत, दोन्ही एकाच सर्व्हरवर आहेत, दोन्हींचा डेटाबेस एकच आहे, या गोष्टींना ब्राउझर किंमत देत नाही. त्याला फक्त नाव कळते. हा नियम जाचक वाटला तरी तो ग्राहकाच्या व मालकाच्या दोघांच्याही हिताचा आहे. तो नसता तर कोणत्याही भुरट्या संकेतस्थळाला तुमच्या बँकेची कुकी मागता आली असती.

एकाच नावाच्या शाखा असतील तर

दोन वेगळी नावे न घेता एकाच नावाच्या शाखा केल्या तर काम पुष्कळ सोपे होते. शॉप डॉट एक्झाम्पल डॉट कॉम ही कपड्यांची शाखा आणि शूज डॉट एक्झाम्पल डॉट कॉम ही पादत्राणांची. अशा शाखांना सबडोमेन म्हणतात.

सर्व्हरने कुकी देताना डोमेनचा उल्लेख केला नाही तर ती कुकी फक्त त्या एका शाखेपुरती राहते. कुकीबरोबर डोमेन म्हणून एक्झाम्पल डॉट कॉम असे लिहिले तर ती मूळ नावाला व त्याच्या सर्व शाखांना दाखविली जाते. मालकाचे काम एका ओळीत होते ते याच ठिकाणी.

यालाही एक कुंपण आहे. नुसत्या डॉट कॉमच्या किंवा डॉट को डॉट इनच्या नावाने कुकी ठेवता येत नाही, कारण त्याखाली लक्षावधी परक्यांची नावे असतात. अशा सार्वजनिक शेवटांची यादी मोझिला संस्थेच्या पुढाकाराने ठेवली जाते आणि प्रमुख ब्राउझर तिचा उपयोग करतात.

परंतु सोपे आहे म्हणून डोळे मिटून करू नये. सर्व शाखांना दिलेली कुकी खरोखरच सर्व शाखांना जाते. समजा, मालकाने ब्लॉग डॉट एक्झाम्पल डॉट कॉम ही शाखा जाहिरातीचे काम करणाऱ्या बाहेरच्या माणसाकडे सोपविली. तर ग्राहक ती शाखा उघडताच त्याची लॉगिनची कुकी त्या बाहेरच्या सर्व्हरकडे पोहोचते. किंवा एखादी जुनी शाखा कोणी सांभाळीत नाही आणि तिच्यात शिरकाव झाला, तर साऱ्या दुकानांच्या किल्ल्या तेथेच सापडतात.

मोठ्या कंपन्यांनाही हा विचार करावा लागला आहे. गिटहब ही कंपनी आपल्या सदस्यांना स्वतःची पाने काढू देते. पूर्वी ही पाने गिटहब डॉट कॉमच्याच शाखांवर असत. एप्रिल २०१३ मध्ये कंपनीने ती गिटहब डॉट आयओ या अगदी वेगळ्या नावावर हलविली. सदस्यांनी लिहिलेली पाने आणि कंपनीचे लॉगिन एका नावाखाली राहिले तर कुकीच्या मार्गे खात्यांना धोका होता, हे त्यामागचे कारण होते. यावरून धडा असा की, आपल्या माणसांचे काम एका नावाखाली ठेवावे आणि परक्यांच्या हाती असलेल्या गोष्टी दुसऱ्या नावाखाली.

दोन वेगळी नावे : जुना मार्ग व त्याचा शेवट

नावेच वेगळी असतील तर पूर्वी एक युक्ती वापरली जात असे. एक्झाम्पल डॉट कॉमच्या पानात एक्झाम्पल डॉट नेटचे अदृश्य चित्र किंवा चौकट बसवीत. ब्राउझर ते चित्र आणावयास गेला की एक्झाम्पल डॉट नेट त्याला आपली कुकी देई. ग्राहक ज्या संकेतस्थळावर आहे त्याखेरीज दुसऱ्याच नावाने आलेली ही कुकी, म्हणून तिला त्रयस्थ कुकी म्हणतात.

हीच युक्ती जाहिरात कंपन्यांनी फार मोठ्या प्रमाणावर वापरली. हजारो संकेतस्थळांवर एकाच कंपनीची जाहिरात असली म्हणजे माणूस कोठे कोठे फिरला याची साखळी त्या कंपनीला जोडता येते. त्यावर ओरड झाली आणि ब्राउझर बनविणाऱ्यांनी एकेक दार बंद केले. ॲपलच्या सफारीने मार्च २०२० पासून त्रयस्थ कुकी पूर्णपणे अडविल्या. फायरफॉक्सने जून २०२२ पासून प्रत्येक संकेतस्थळासाठी कुकीची बरणीच वेगळी केली. त्यामुळे एका ठिकाणी बसविलेली चौकट दुसऱ्या ठिकाणची कुकी पाहू शकत नाही.

गुगलच्या क्रोमची कथा निराळी आहे. जानेवारी २०२० मध्ये गुगलने दोन वर्षांत त्रयस्थ कुकी बंद करण्याचा इरादा जाहीर केला. मुदत पुन्हा पुन्हा लांबली. जुलै २०२४ मध्ये सर्वांसाठी बंद करण्याचा बेत सोडण्यात आला आणि एप्रिल २०२५ मध्ये ग्राहकाच्या निवडीची जुनी व्यवस्थाच चालू ठेवण्याचे ठरले. एकाच मालकाच्या अनेक नावांना एका कुटुंबात धरण्याची जी खास सोय क्रोमने काढली होती, तीही मागे घेण्याचे गुगलने ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केले.

यातून व्यापाऱ्याने काय घ्यावे? 'क्रोमवर चालते' एवढ्यावर विसंबून दुकान उभारू नये. आयफोनवाल्या ग्राहकाचे लॉगिन तुटेल, आणि त्याचे कारण तुमच्या माणसाला महिनोन्महिने सापडणार नाही.

टाळावयाचा मार्ग

दुसरा एक आडमार्ग म्हणजे ग्राहकाच्या कुकीतील क्रमांकच दुव्याच्या पत्त्यात लिहून दुसऱ्या संकेतस्थळाकडे पाठविणे. दिसावयास हे सोपे आहे, पण घातक आहे. पत्ता ब्राउझरच्या इतिहासात राहतो, सर्व्हरच्या नोंदवहीत राहतो आणि कधी कधी पुढच्या संकेतस्थळालाही कळतो. सगळ्यात वाईट म्हणजे ग्राहक स्वतःच तो इतरांना देतो. चपलेचा जोड आवडला म्हणून त्याने दुवा व्हॉट्सॲपवर नातेवाइकांच्या ग्रुपमध्ये टाकला, तर दुवा उघडणारा प्रत्येकजण त्याच्या खात्यात जाऊन बसतो. त्याचा पत्ता, त्याच्या मागच्या खरेदी सर्वांपुढे उघड्या होतात.

योग्य मार्ग : कुकी न्यावयाची नाही, ओळख न्यावयाची

मग करावे काय? पुन्हा लाँड्रीची पावती घेऊ. एका शाखेची पावती दुसऱ्या शाखेत चालत नाही. पण दुसरी शाखा पहिलीला फोन करून खात्री करून घेऊ शकते आणि आपली नवी पावती फाडून देऊ शकते. इंटरनेटवर हेच करावयाचे असते. ओळख पटविण्याचे काम एकाच ठिकाणी ठेवावे. प्रत्येक संकेतस्थळाने तेथून खात्री करून घ्यावी आणि आपली कुकी आपण द्यावी. त्याच्या पायऱ्या अशा :

१) ग्राहक एक्झाम्पल डॉट नेटवर लॉगिनचे बटण दाबतो. ते संकेतस्थळ एक यदृच्छ खूण तयार करते, ती स्वतःच्या कुकीत ठेवते आणि ब्राउझरला लॉगिन डॉट एक्झाम्पल डॉट कॉम या मुख्य ठिकाणी पाठविते. खूणही सोबत जाते.

२) आता ग्राहक प्रत्यक्ष मुख्य ठिकाणी आलेला असतो. पत्त्याच्या पट्टीत तेच नाव असते, म्हणून तेथील कुकी त्रयस्थ ठरत नाही. ग्राहकाने आधी लॉगिन केलेले असेल तर ओटीपी पुन्हा विचारला जात नाही.

३) मुख्य ठिकाण ब्राउझरला परत पाठविते आणि सोबत एकदाच चालणारा संकेतांक व मूळची खूण देते.

४) एक्झाम्पल डॉट नेट आधी खूण जुळते का ते पाहते. जुळली तर त्याचा सर्व्हर तो संकेतांक व स्वतःची गुप्त किल्ली घेऊन मुख्य सर्व्हरशी थेट बोलतो. हा संवाद ग्राहकाच्या ब्राउझरमधून जात नाही.

५) मुख्य सर्व्हर ग्राहक कोण ते सांगतो आणि एक्झाम्पल डॉट नेट आपली वेगळी कुकी देते.

हे सारे एक-दोन क्षणांत होते. ग्राहकाला वाटते, दोन्ही दुकाने एकच आहेत. प्रत्यक्षात एकही कुकी एका नावाकडून दुसऱ्या नावाकडे गेलेली नसते.

ही पद्धत कोणाच्या मनातली नाही. ती ओऑथ २.० या ऑक्टोबर २०१२ च्या मानकावर आणि त्यावर उभारलेल्या, फेब्रुवारी २०१४ मध्ये आलेल्या ओपनआयडी कनेक्टवर आधारलेली आहे. त्यासाठी तयार व तपासलेली साधने मिळतात. म्हणून कोणी "आम्ही स्वतःची पद्धत बनवून देतो" असे म्हटले तर मालकाने सावध व्हावे.

चार बारकावे

पहिला : एकदाच चालणारा संकेतांक पुन्हा चालता कामा नये आणि त्याचे आयुष्य अल्प असावे. मानकाने जास्तीत जास्त १० मिनिटांची शिफारस केली आहे. त्यामुळे दुवा कोणाच्या हाती लागला तरी तो निरुपयोगी ठरतो.

दुसरा : ग्राहकाला कोठे परत पाठवावयाचे त्या पत्त्यांची पक्की यादी मुख्य ठिकाणी असावी आणि पत्ता अक्षर न् अक्षर जुळला तरच परत पाठवावे. ही यादी ढिली असली तर भामटा स्वतःचा पत्ता घुसवून संकेतांक आपल्याकडे वळवू शकतो.

तिसरा : कुकीवर योग्य शिक्के असावेत. 'सिक्युअर' या शिक्क्याने ती फक्त सुरक्षित जोडणीवरून जाते. 'एचटीटीपी-ओन्ली' या शिक्क्याने पानातील स्क्रिप्टला ती वाचता येत नाही. या शिक्क्यांची किंमत ऑक्टोबर २०१० मध्ये दिसून आली. त्या वेळी फायरशीप नावाचा एक छोटा प्रोग्राम प्रसिद्ध झाला. उघड्या वाय-फायवर बसलेल्या इतरांची लॉगिनची कुकी त्याने नुसत्या क्लिकसरशी उचलता येत असे, कारण मोठमोठी संकेतस्थळेदेखील तेव्हा कुकी उघड्या जोडणीवरून पाठवीत होती. तिसरा शिक्का 'सेमसाइट' हा होय. त्याची 'स्ट्रिक्ट' ही किंमत ठेवली तर वर सांगितलेल्या येण्याजाण्यात कुकी पोहोचत नाही आणि लॉगिन बिघडते. येथे 'लॅक्स' ही किंमत योग्य ठरते. क्रोमने फेब्रुवारी २०२० पासून, काही लिहिले नसेल तर 'लॅक्स' धरण्यास सुरुवात केली.

चौथा : बाहेर पडणे. हा भाग पुष्कळजण विसरतात. ग्राहकाने एका ठिकाणी लॉगआउट केले तरी दुसऱ्या संकेतस्थळाची कुकी वेगळी असल्याने ती जिवंत राहते. सायबर कॅफेत किंवा कार्यालयातील सामायिक संगणकावर याचा अर्थ असा की, उठून गेलेल्या माणसाचे खाते मागे येऊन बसणाऱ्याला उघडे मिळते. म्हणून मुख्य ठिकाणी लॉगआउट होताच त्याची सूचना सर्व संकेतस्थळांच्या सर्व्हरला गेली पाहिजे आणि त्यांनी आपापल्या वहीतील नोंद रद्द केली पाहिजे.

टोपलीचे काय?

टोपली कुकीत ठेवूच नये. ती सर्व्हरवर, ग्राहकाच्या खात्याशी जोडून ठेवावी. दोन्ही संकेतस्थळे एकाच डेटाबेसमधून ती वाचतील तर ओळख पटताच टोपली आपोआप समोर येते. लॉगिनपूर्वी भरलेली टोपली लॉगिन होताच खात्यातील टोपलीत मिळवावी, तिच्यावर पुसून टाकू नये. पैसे भरण्याचे काम शक्यतो एकाच नावाच्या संकेतस्थळावर करावे. ग्राहकाचा विश्वास त्या एका नावावर बसतो.

कायद्याची बाजू

तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे म्हणून एका दुकानातील माहिती दुसऱ्यात वापरावी असे नाही. युरोपीय संघाच्या न्यायालयाने १ ऑक्टोबर २०१९ रोजी प्लॅनेट४९ या कंपनीच्या प्रकरणात, आधीच खूण करून ठेवलेला चौकोन ही कुकीसाठी संमती होऊ शकत नाही, असा निर्णय दिला. फ्रान्सच्या नियामकाने जानेवारी २०२२ मध्ये गुगलला १५ कोटी व फेसबुकला ६ कोटी युरोचा दंड जाहीर केला. कुकी स्वीकारणे एका क्लिकने होत होते, पण नाकारणे तितके सोपे ठेवले नव्हते, हा आक्षेप होता. युरोपातील ग्राहकांना माल विकणाऱ्या आपल्याकडील व्यापाऱ्यांनाही हे नियम लागू होऊ शकतात.

भारतात डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झाला व त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. ग्राहकाला कारण सांगून संमती घेणे, त्या कारणापुरतीच माहिती वापरणे, संमती देणे जितके सोपे तितकेच ती मागे घेणे सोपे ठेवणे, ही त्याची तत्त्वे आहेत. माहितीची वाजवी सुरक्षा न राखल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. यास्तव दोन संकेतस्थळे जोडताना, "आमच्या दोन्ही दुकानांत आपले एकच खाते राहील" हे ग्राहकाला साध्या मराठीत, ठळक अक्षरांत सांगावे.

मालकाने विचारावयाचे प्रश्न

काम देण्यापूर्वी संकेतस्थळ बनविणाऱ्याला पुढील प्रश्न विचारावेत. दुसरे डोमेन खरोखरच हवे आहे का, की सबडोमेनने भागेल? आमच्या नावाखालील कोणत्या शाखा बाहेरच्या माणसांच्या हाती आहेत? लॉगिनचा क्रमांक दुव्याच्या पत्त्यात तर जात नाही ना? सफारी व फायरफॉक्सवर चाचणी केली का? एका ठिकाणी लॉगआउट केल्यावर दुसरीकडे काय होते? यातील शेवटची चाचणी तर मालक स्वतःच्या फोनवर पाच मिनिटांत करून पाहू शकतो.

आमच्या मते लहान व्यापाऱ्याने पहिल्या प्रश्नावरच थोडे थांबावे. नवे नाव घेणे स्वस्त असते, पण दोन नावांना जन्मभर जोडून ठेवणे महाग पडते. जुनी जादा नावे असतील तर ती सोडू नयेत, पण ती उघडताच ग्राहक मुख्य नावाकडे वळेल अशी व्यवस्था करावी आणि सर्व विभाग एकाच छताखाली आणावेत. ज्यांना दोन नावे ठेवणे भागच आहे, त्यांनी वर सांगितलेला ओळखीचा मार्ग धरावा. ग्राहकाने आपल्या हाती दिलेली ओळख ही त्याची अमानत आहे. ती एका दुकानातून दुसऱ्या दुकानात नेताना वाटेत सांडणार नाही, एवढी खबरदारी घेणे हे सचोटीच्या व्यापाराचेच अंग होय.